बिनपाण्याचा स्विमिंग पूल

कौन्सिलचं पत्र चंद्रहास कारखानीसने तीनदा मनात वाचलं आणि चौथ्यांदा मोठ्याने, म्हणजे स्वयंपाकघरात बायकोला, शोभालाही ऐकू जावं.

"आपल्या मागच्या अंगणात विनापरवाना स्विमिंग पूल आढळला आहे. भोवती कुंपण नाही. पाण्यावर पांढरा फेस असून पाण्याच्या गुणवत्तेबद्दल शंका आहे. आपल्या भागात या महिन्यात फक्त अकरा मिलिमीटर पाऊस झाला आहे. त्यामुळे हे पाणी मागच्या ओढ्यातून उपसलं असावं, असा संशय आहे. चौदा दिवसांत खुलासा करावा."

"आपल्याकडे पूल आहे?" शोभा हात पुसत बाहेर आली. "मग सात वर्षांत मला कसा दिसला नाही?"

सोबत एक फोटो होता. वाळलेल्या गवतात निळा चौकोन आणि त्यावर पांढरे ठिपके. शोभाने चष्मा लावला आणि ती खो खो हसत सुटली. "अरे, ही माझी ताडपत्री! आणि फेस कसला? साबुदाण्याच्या पापड्या आहेत त्या!"

दुसरा कोणी असता तर तोही हसला असता. पण चंद्रहास ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. संशय घेण्याचाच त्याला पगार मिळत असे.

"हसू नकोस. हा फोटो काढला कोणी?"

"वरून काढलाय."

"वरून म्हणजे कुठून? ग्लेनच्या छपरावरून!"

ग्लेन शेजारी, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. गेल्याच महिन्यात त्याने कुंपणावरून वाकून विचारलं होतं, "हे पांढरं काय वाळत घातलंय, मेट?"

"विचारून गेला आणि लगेच पत्र. बघ, म्हणजे बघ!"

"त्याने एक तळलेली खाल्ली आणि आणखी दोन मागून नेल्या."

"नमुना म्हणून!"

चंद्रहासने कौन्सिलला फोन लावला. पूल नसेल तर पूल काढल्याचा फॉर्म भरा, असं पलीकडच्या माणसाने गोड आवाजात सांगितलं. "अहो, काढायला आधी पूल हवा ना!" चंद्रहास इंग्रजीत ओरडला. "नो वरीज," उत्तर आलं, "मग आधी पुलाची नोंदणी करा." शेवटी चार फोनांनंतर इन्स्पेक्टर पाठवायचं ठरलं.

प्रत्येक फोननंतर चंद्रहासचा ग्लेनवरचा राग एकेक पायरी चढत गेला. ग्लेनने हात हलवून गुड मॉर्निंग केलं, तर त्याला त्यात खवचटपणा दिसला. ग्लेन शिडी लावून पन्हळी साफ करायला चढला, तर याने भर दुपारी सगळे पडदे ओढून घेतले.

आणि रविवारी सावज आपणहून जाळ्यात आलं. ग्लेन दारात त्याची होडी धूत होता, चांगला भरपूर साबण लावून. फेस उतारावरून थेट ओढ्याकडे चालला होता. पडद्याआडून चंद्रहासने तीन फोटो काढले आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर 'ओढ्याचं प्रदूषण' या सदरात चढवले. तिथे नाव दिलं नाही तरी चालत होतं.

"खरा फेस कसा असतो ते बघू दे त्यांना."

"अरे, आपण बाहेरगावी गेलो की आपला कचऱ्याचा बिन तो रस्त्यावर नेऊन ठेवतो," शोभा म्हणाली.

"विश्वास संपादन करायची पद्धत असते ती."

मंगळवारी इन्स्पेक्टर बाई आली. पायात गमबूट, हातात टेप आणि पाण्याच्या नमुन्यासाठी चार बाटल्या. शोभाने ताडपत्री अंथरली, वर पापड्या मांडल्या. बाईने फोटो पाहिला, ताडपत्री पाहिली, तळलेली एक पापडी कुरकुर चावून खाल्ली आणि रिकाम्या बाटल्या परत पिशवीत ठेवल्या. "केस क्लोज्ड!"

"फक्त एवढंच सांगा," चंद्रहास हलक्या आवाजात म्हणाला, "तक्रार कोणी केली?"

"कोणीच नाही. जमिनीचा वापर तपासायला आम्ही दर उन्हाळ्यात विमानातून सगळ्या भागाचे फोटो काढतो. निळं दिसलं की कॉम्प्युटरला पूलच वाटतो. तक्रारींची फाइल वेगळी असते." तिने कागद चाळले. "तशी एक आहे खरी. तुमच्या शेजारच्या घराविरुद्ध."

एवढ्या तपासणीत कुणाला न सापडलेलं पाणी चंद्रहासच्या तोंडचं पळालं.

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. बाहेर ग्लेन, लालबुंद चेहऱ्याने, हातात कौन्सिलचं पत्र घेऊन.

"मेट, मला कोणीतरी डॉब केलंय. चोरून फोटो काढून तक्रार! होडी अशी दारात धुवू नये, हे मला माहीतच नव्हतं. तू तुझी केस कशी झटक्यात सोडवलीस! मला उत्तर लिहून दे. मला ट्रक चालवता येतो, पत्र नाही."

शोभाने ग्लेनसमोर पापड्यांची बशी ठेवली आणि नवऱ्यासमोर लॅपटॉप.

आधी होडीबद्दल रीतसर माफी लिहून झाली. मग ग्लेन खुर्चीत पुढे सरकला. "आता लिही, तक्रार करणारा माणूस भित्रा, संशयी आणि कोत्या मनाचा आहे."

चंद्रहासने टाइप केलं. कान गरम झाले होते.

"फार कडक होतंय का रे?" ग्लेनने काळजीने विचारलं.

"नाही," चंद्रहास मान वर न करता म्हणाला. "बरोबर आहे."

मागे उभ्या शोभाने स्क्रीनवर बोट ठेवलं. "'कोत्या'च्या आधी 'अत्यंत' घाल."

चंद्रहासने तेही घातलं.