साळुंकीने दाखवलेली शाळा

एका जंगलात, बालमित्रांनो, एक शाळा होती आणि एक टीव्ही वाहिनीही होती. त्यामुळे शाळेकडे कुणी बघत नसे.

वाहिनीचं नाव ‘डरकाळी’. संपादक होता तरस. तिथे मंजिरी नावाची साळुंकी नवीनच लागली. राजकारण कोल्ह्याने घेतलं होतं, सिनेमा मोराने. उरलं शिक्षण. ते साळुंकीच्या गळ्यात पडलं.

पण साळुंकी मनाने चांगली. ती थेट ओढ्याकाठच्या शाळेत गेली. छपराला भगदाड. इयत्ता चार आणि बाई एकच, घोरपडबाई. ससे, खारी, सायाळी, सगळी पिल्लं एका खोलीत. बाई एका वर्गाला कविता सांगत आणि दुसऱ्याला वजाबाकी. त्यामुळे काही पिल्लं वजाबाकीही चालीवर म्हणत.

“बाई, हे कॅमेऱ्यासमोर सांगाल?” साळुंकीने विचारलं.

“सांगते की. खोटं थोडंच आहे?”

बातमी लागली. जंगलभर हळहळ झाली. माकडंसुद्धा क्षणभर उड्या मारायची थांबली. शिक्षणाधिकारी रेडा (वेद म्हणणारा नव्हे, साधाच) दचकून जागा झाला आणि त्याने कडक कारवाई केली. छप्पर तसंच राहिलं. घोरपडबाई निलंबित झाल्या. परवानगी न घेता खरं बोलल्या म्हणून.

आता इयत्ता चार आणि बाई एकही नाही.

साळुंकी रडत तरसाकडे गेली. “सर, माझ्यामुळे बाईंची नोकरी गेली. हेही दाखवू या ना!”

तरस हसला. तो नेहमीच हसतो, पण या वेळी त्याला खरंच हसू आलं होतं. “अगं, हे दाखवलंस तर उद्या शाळेचा शिपाईही घरी बसेल. कशाला गरिबाचे तळतळाट घेतेस? आज मोठ्या शाळांचा निकाल लागलाय. जा, पेढे दाखव.”

साळुंकीला ते लगेच पटलं नाही. पण पटल्यावर फार हलकं वाटलं.

मग काय विचारता! पहिली आलेली पिल्लं, पेढे भरवणाऱ्या आया, ‘यशाचं श्रेय कुणाला?’ हा एकच प्रश्न. डबक्याकाठी एका पायावर उभा राहून क्लास चालवणारा बगळा होता. त्याला तिने ‘शिक्षणतज्ज्ञ’ करून टाकलं. बगळ्याच्या क्लासात नाव घालायला रांग लागली. साळुंकीची मंजिरीताई झाली.

एकदा बाजारात तिला घोरपडबाई दिसल्या. बोरं विकत होत्या.

“ताई, शाळेत एकदा येऊन जा गं,” बाई म्हणाल्या. “पिल्लं नुसती ओढ्यावर बसून असतात.”

“तुमच्या भल्यासाठीच येत नाही हो मी!” साळुंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी खरं पाणी.

“माझं काय भलं व्हायचं राहिलंय आता? पिल्लांसाठी ये.”

पण साळुंकीला उशीर होत होता. स्टुडिओत बगळा थांबला होता.

पिल्लं पांगली. काही अस्वलांकडे मध काढायला लागली, काही कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. आणि एक दिवस रेड्याचा फोन आला. “ताई, ओढ्याकाठच्या शाळेतून लाइव्ह करा. महाराज स्वतः बघणार आहेत. बातमी चांगली हवी हं!”

साळुंकी गेली. छप्पर पार कोसळलं होतं. बाकांवर गवत उगवलं होतं. आत चिटपाखरू नव्हतं. तिला वाटलं, माईक टाकावा आणि उडून जावं.

“मंजिरी, लाइव्ह सुरू झालंय! बोल!” कानात तरस ओरडला.

साळुंकीने पिसं सारखी केली.

“प्रेक्षकहो, ऐतिहासिक बातमी! ओढ्याकाठच्या शाळेत या वर्षी एकही विद्यार्थी नापास झालेला नाही! वर्गात गडबड नाही, कॉपीचा एकही प्रकार नाही! आणि वर्षानुवर्षांची गळती आता पूर्णपणे थांबली आहे!”

सिंह महाराजांनी पंजे बडवले. रेड्याला बढती मिळाली. साळुंकीला ‘वनशिक्षणभूषण’ पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना तिने पंखाने डोळे टिपले आणि तरसाने ते दृश्य दिवसभर दाखवलं.

तात्पर्य: खरं बोललं की दुसऱ्याची नोकरी जाते. म्हणून दयाळू जीवाने नेहमी खोटं बोलावं. त्यापायी आपली भरभराट झालीच, तर ती निमूटपणे सोसावी.