मागच्या फाटकाचा काव्यवाचनावर झालेला परिणाम

आमच्या वसाहतीत दरवर्षी हिवाळी सुट्टीच्या पहिल्या शनिवारी काव्यवाचन होते. अट एकच : कवितेत राजकारण नको. अट मोडली जाऊ नये म्हणून छाननी समिती आहे, आणि समितीत राजकारण शिरू नये म्हणून तिच्यात दोन्ही गटांचा एकेक माणूस घेतला आहे. मी चिटणीस. मला मत नाही.

गट आहेत ते फाटकावरून. वसाहतीचे मागचे फाटक दिवसा उघडे असावे म्हणणारे उघडवाले आणि ते कायम बंद असावे म्हणणारे बंदवाले. या प्रश्नावरून दोन साडू गेली चार वर्षे एकमेकांच्या घरचा चहा पीत नाहीत. उघडवाल्यांचे पुढारी दाताचे डॉक्टर, तर बंदवाल्यांचे निवृत्त चित्रकला मास्तर.

यंदा शिलाईवाल्या मावशींनी प्रथमच नाव दिले. तीस वर्षे त्या मापांच्या वहीत कविता लिहीत आल्या आहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या लेकीलाही नाही. ती लेक यंदा तीन वर्षांनी सुट्टीला यायची होती.

"तिच्या लहानपणी मी मशीनवरून मान वर केली नाही हो," मावशी मला म्हणाल्या. "आता एकदा तरी तिला ऐकवायचंय."

मला बरेच काही वाटले, पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नसतो. त्यांनी वहीतले पान फाडून दिले :

थंडी आली, खिडकी लावली,
जुनी शाल काढली वर;
लेक येईल सुट्टीला म्हणून
दोनदा पुसून झालं घर.
धुकं दाराशी येऊन उभं,
विचारत नाही, "येऊ का?"
लेक तेवढी फोनवर विचारते,
"येताना काही घेऊ का?"

समिती बसली. मास्तर म्हणाले, "छान आहे." डॉक्टर लगेच सावध झाले.

"खिडकी लावली? का लावली?"

"थंडी होती," मावशी म्हणाल्या.

"थंडी आम्हालाही वाजते. म्हणून दिसेल ते लावत सुटायचं? हा सरळसरळ बंदवाल्यांचा प्रचार आहे!"

"असं?" मास्तर सरसावले. "मग ही लेक कोणत्या फाटकातून येणार?"

"अहो, बस थांबेल तिथून येईल बिचारी," मावशी म्हणाल्या.

"बस मागच्या फाटकाशी थांबते! म्हणजे ते उघडं असल्याचं गृहीतच धरलंय. डॉक्टर, हे तुम्ही लिहून दिलंत का?"

डॉक्टरांनी "खिडकी अर्धी लावली" अशी तडजोड सुचवली. मास्तरांनी विचारले, कोणती अर्धी? न विचारता दाराशी येणारे धुके मास्तरांना फाटक बंद ठेवण्याचा पुरावा म्हणून फार आवडले, म्हणून डॉक्टरांनी ते खोडले. वसाहतीचे माजी अध्यक्ष शाल पांघरत, म्हणून जुन्या शालीत त्यांचा उदोउदो निघाला. घर दोनदा पुसल्याने सफाई उपसमितीचा अवमान होत होता.

पानाच्या तळाशी मात्र "बाही साडेतेवीस, कोपरापाशी सैल" अशी एक ओळ होती. दोघांनीही ती आलटूनपालटून वाचली.

"कोपरापाशी सैल," डॉक्टर हळूच म्हणाले. "माणूस शेवटी तिथंच सैल होतो."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"ते पोस्टातल्या साहेबांच्या कोटाचं माप आहे," मावशी म्हणाल्या.

"कवीला आपलं मोठेपण कळत नसतं," मास्तर म्हणाले, आणि ओळ एकमताने मंजूर झाली. आठ वर्षांतले समितीचे ते पहिले एकमत. अंतिम मसुदा असा ठरला :

ऋतुमानानुसार थंडी पडली,
खिडकीबाबत निर्णय प्रलंबित;
संबंधित व्यक्तीचे आगमन
योग्य त्या मार्गाने अपेक्षित.
बाही साडेतेवीस,
कोपरापाशी सैल.

"आणि माझी लेक?" मावशींनी विचारले.

"संबंधित व्यक्ती आहे ना!" मास्तरांनी समजूत घातली. "लेक म्हटलं की बाजू घेतल्यासारखं होतं."

शनिवारी सभागृह भरले. डावीकडे उघडवाले, उजवीकडे बंदवाले. लेकीला हे काहीच माहीत नसल्याने तिने मधल्या वाटेत खुर्ची टाकली आणि दोन्ही बाजूंना एकदमच तिचा संशय आला. मावशी उठल्या. मंजूर मसुद्याची त्यांनी चार पदरी घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली आणि लेकीकडे बघत आपली आठ ओळींची कविता तोंडपाठ म्हटली.

कविता सुरेख झाली. मला मत नसूनही ते कळले. पण टाळी पडेना. डावीकडचे उजवीकडे पाहत होते, उजवीकडचे डावीकडे. समोरच्यांनी वाजवली तर आपण नाही, हे पक्के होते. माझे हात वर आले होते. मी त्या हातांनी कान खाजवले.

लेक एकटी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती.

"आई, अजून आहेत का गं?"

"अकरा वह्या आहेत."

"मग इथं काय बसलीयेस? घरी चल."

मायलेकी हातात हात घालून निघाल्या, आणि सभागृहाला अखेर कंठ फुटला : "कोणत्या फाटकानं जातात ते बघा रे!"

मी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला, घरी गेलो आणि एकट्याने भरपूर टाळ्या वाजवल्या. त्या वेळी माझे दार उघडे होते की बंद, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर जरूर अर्ज करा. चिटणिसाची जागा रिकामी आहे.