पलंगावर वाळत घातलेला रविवार

एर्मेसच्या मते जगात अवघड असं काही नसतंच. लोकांना नीट सांगणारा माणूस भेटत नाही, एवढंच. तो गावात गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं, या धंद्यात माणसाचा आत्मविश्वास वाढतच जातो. त्यामुळे त्याची आई, देर्नाबाई, पायरीवरून घसरून मनगटाला प्लास्टर घालून बसल्या आणि "आता लाटणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, रविवारचं सगळ्यांचं जेवण बंद" असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा एर्मेस खुर्चीत मागे रेलला.

"त्यात काय? या रविवारी माझ्याकडे या. ताल्यातेल्ले मी करतो."

ताल्यातेल्ले म्हणजे अंड्यात मळलेल्या पिठाची पोळी लाटून कापलेल्या लांब शेवया, देर्नाबाईंच्या रविवारचा प्राण. आधी त्याची मोठी बहीण नीव्हेस हसायला लागली, तिचा नवरा लोरिस हसायला लागला, आणि हात ठणकत असूनही देर्नाबाई हसल्या.

"पाकिटातले?" नीव्हेसनं विचारलं.

"पाकिटातले कशाला, ताई? पीठ, अंडी आणि दोन हात. मळायचं, लाटायचं, पट्ट्या कापायच्या. यात शास्त्र कुठलं आलं?"

"तुझे वडील एकदा असंच म्हणाले होते," देर्नाबाई म्हणाल्या. "नंतर आम्ही भिंत रंगवून घेतली."

नीव्हेसचं म्हणणं सरळ होतं. आईनं आता दमू नये, प्रत्येकानं आपापल्या घरी जेवावं, नाताळला भेटावं. देर्नाबाईंनी निवाडा दिला. "या रविवारी एर्मेसकडे जेवू. जमलं तर जमलं. नाही जमलं तर रविवार बंद, आणि पुन्हा कुणी विषय काढायचा नाही."

एर्मेस वरवर छाती काढून बसला होता, पण आतून तो धास्तावला होता. बायको सोडून गेल्यापासून तो सोमवार ते शनिवार ओट्याशी उभा राहून काहीतरी घशाखाली ढकलायचा. बसून, चार माणसांत, पावाचा तुकडा दुसऱ्याच्या ताटातल्या रश्श्यात बुडवून जेवायचं ते रविवारी. तो रविवार गेला तर आठवड्यात राहिलंच काय? हे तो कुणाजवळ बोलणार नव्हता. त्यापेक्षा ताल्यातेल्ले करणं सोपं होतं.

शनिवारी देर्नाबाईंचा फोन आला.

"पोळी जाड ठेवू नकोस. पलीकडचं दिसलं पाहिजे."

"दिसेल."

"वाळवणार कुठं? पलंगावर?"

देर्नाबाईंनी, त्यांच्या आईनं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांनी जन्मभर पलंगावरच वाळवलं होतं. एर्मेस दयेनं हसला. "पलंगावर? आई, गेले ते दिवस. मी स्टँड आणलाय, लाकडी. त्याच्या दांड्यांवर पट्ट्या टाकायच्या."

"स्टँड," देर्नाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी गावावर नेहमीचं नोव्हेंबरातलं धुकं होतं. एर्मेसनं रागू आदल्या दिवशीच शिजवून ठेवला होता. खिमा, कांदा, गाजर, टोमॅटो आणि मंद आच. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक अंड्यांपाशी झाली. आईचा हिशोब होता माणशी एक अंडं आणि वर एक घरासाठी. पण कोंबडीची अंडी एर्मेसला किरकोळ वाटली. त्याची एक विद्यार्थिनी शेतावर राहायची. वारंवार नापास होऊनही तिची गुरुभक्ती कमी झाली नव्हती, आणि तिनं त्याला हंसिणीची अंडी दिली होती, एकेक मुठीएवढं. एर्मेसनं हिशोब आईचा धरला आणि अंडी हंसिणीची घेतली.

त्यानं पिठाच्या ढिगात आळं केलं आणि त्यात अंडी फोडली. आळं भरलं, बांध फुटला, आणि पिवळा लोंढा टेबलावरून त्याच्या नव्या पँटकडे निघाला. एर्मेसनं पीठ टाकलं. लोंढा थांबला, पण आता पीठ जास्त झालं, म्हणून शेवटचं अंडंही फोडलं, मग ते पातळ झालं म्हणून आणखी पीठ. शेवटी गोळा एवढा झाला की तो मळताना एर्मेसला त्याला मिठीच मारावी लागली.

आईचं ते लांबलचक लाटणं घेऊन तो भिडला. पोळी लाटली ती टेबलभर झाली, कडेनं खाली लोंबायला लागली, आणि गोळा होता तेवढाच दिसत होता. पण खरं सांगायचं तर पोळी चांगली होती. त्यानं ती उजेडासमोर धरली तेव्हा तिच्यातून समोरच्या चर्चचा मनोरा दिसला. एर्मेसचे डोळे भरून आले. दोष कांद्याला दिला असता, पण कांदा तर कालच कापून झाला होता.

पट्ट्या कापल्या आणि स्टँडवर टाकल्या. पहिल्या पोळीतच स्टँड भरला. दुसरी पोळी खुर्च्यांच्या पाठींवर गेली, तिसरी इस्त्रीच्या फळीवर. चौथी हातात घेऊन एर्मेस घरभर फिरला, आणि मग इकडेतिकडे पाहत, चोरासारखा, झोपण्याच्या खोलीत शिरला.

एकदा पलंगाची चव कळल्यावर त्यानं सगळंच तिथं आणलं. स्टँडवर शोभेपुरत्या पट्ट्या ठेवल्या. डबलबेडवर स्वच्छ चादर, तिच्यावर ताल्यातेल्ले ओळीनं झोपवलेले, वरून दुसरी चादर, आणि आईला कळू नये म्हणून त्यावर नवाकोरा पलंगपोस. धुक्यात वाळणार नाही म्हणून खोलीतला लोखंडी हीटर पूर्ण सोडला, पडदे ओढले, दार लावलं. मग दाढी केली, सेंट लावलं आणि आईसाठी आणलेली फुलं टेबलावर ठेवली.

पाहुणे वेळेआधी आले. फजिती पाहायची असली की कुणी उशीर करत नाही. एर्मेस रागू ढवळत होता. "आलोच, बसा," तो आतून ओरडला. आता कोट कुठं ठेवायचे, हे कुणाच्याही घरी विचारावं लागत नाही. पाहुण्यांचे कोट पलंगावर जातात. एर्मेस स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या पलंगांवर कोट टाकत आला होता. ते त्याला तेव्हा आठवलं जेव्हा आतून आईची किंकाळी आली.

"टोपी!"

एर्मेस पळीसकट धावला. पलंगावर कोटांचा ढीग होता. तळाशी देर्नाबाईंचा केसाळ कोट, त्यावर नीव्हेसचा, त्यावर लोरिसचा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर लोरिसची फेल्टची टोपी. मरणाऱ्याच्या घरी पाद्री येतो तेव्हाच टोपी पलंगावर टेकते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"जावईबापू, माझं प्लास्टर अजून निघालं नाही," देर्नाबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "आणि तुम्ही मला पोचवायलाच निघालात?"

"चुकलं, आई, चुकलं. लोखंडाला हात लावतो," असं म्हणत लोरिसनं अपशकुन मोडायला समोर दिसलेल्या लोखंडाला पंजा टेकवला. तो पूर्ण सोडलेला हीटर होता. लोरिसनं जो आवाज काढला तो ऐकून देर्नाबाई पलंगावर मटकन बसल्या. त्यांना वारा घालायला नीव्हेस शेजारी बसली. बोटं तोंडात घालून लोरिसही बसला. तिघंही अंगापिंडानं सुखवस्तू होती.

एर्मेसच्या डोळ्यांसमोर रविवार चपटा होत होता.

"उठा," तो म्हणाला.

"अरे, आईला घाबरं झालंय," नीव्हेस म्हणाली.

"बाहेर खुर्ची आहे. आई, उठ ना. इथं नको."

"मला हाकलतोय," देर्नाबाई म्हणाल्या. "अजून पाणी विचारलं नाही, आणि हाकलतोय."

नीव्हेसनं त्यांच्या पाठीशी उशी द्यायला पलंगपोसाचं टोक उचललं. एर्मेसनं झेप घालून ते दाबून धरलं. नीव्हेसनं भावाकडे पाहिलं. मग ओढलेल्या पडद्यांकडे पाहिलं, नव्या पलंगपोसाकडे पाहिलं, त्याच्या गुळगुळीत दाढीचा वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"आई," ती म्हणाली, "टेबलावर फुलं आहेत. तू पाहिलीस?"

देर्नाबाईंनी तळहातानं पलंग चाचपला. हीटरशेजारचा पलंग तो. "गरम आहे," त्या म्हणाल्या. "आणि मऊ. नुकतंच कुणीतरी उठलंय."

तिघांची नजर एकदमच कपाटाकडे वळली.

"एर्मेस," लोरिस तोंडातली बोटं काढून हळूच म्हणाला, "शाब्बास रे."

"तसं काही नाही, भाऊजी."

"बाहेर ये गं पोरी," देर्नाबाई कपाटाला म्हणाल्या. घाबरणं कुठल्या कुठं पळालं होतं. "इथं सगळी घरचीच माणसं आहेत. आम्ही कुणाला खात नाही."

कपाट काही बोललं नाही. याच वेळी एर्मेसला ती कल्पना सुचली. कल्पना वाईट होती. पण आई पलंगावरून उठेल अशी दुसरी कुठलीच नव्हती.

"लाजते ती," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर बसा, मी आणतो तिला."

तिघंही चवड्यांवर चालत बाहेर गेली. जाताना देर्नाबाईंनी मुलाच्या गालावरून हात फिरवला. असा हात त्यांनी कित्येक वर्षांत फिरवला नव्हता, आणि एर्मेसला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं दार लावून घेतलं.

कोट बाजूला फेकून त्यानं चादर उचलली. कडेचे ताल्यातेल्ले ठीक होते. मधे तीन मोठे थापे झाले होते, आकारानं ज्याचा त्याला ओळखू यावेत असे. त्यांच्यावर चादरीची वीणही उमटली होती. एर्मेस गुडघ्यांवर बसून एकेक पट्टी सोडवायला लागला. बाहेर ताटांचा आवाज येत होता. नीव्हेस पाचवं ताट मांडत होती. आई फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मग आवाज थांबला, आणि दार उघडलं.

"किती वेळ लाजणार आहे?" असं विचारत देर्नाबाई आत आल्या. त्यांच्यामागून बाकीची दोघं. त्यांना मुलगा गुडघ्यांवर दिसला, उघडा पलंग दिसला, आणि पलंगावरचं पीक दिसलं.

"स्टँड होता ना?" देर्नाबाईंनी विचारलं.

"पुरला नाही."

"आणि कपाटात?"

"माझे कोट आहेत."

आता त्या बसतील म्हणून नीव्हेसनं त्यांना धरलं. पण त्या बसल्या नाहीत. बराच वेळ त्या कपाटाकडेच पाहत राहिल्या, आणि एर्मेसला वाटलं, आई पोळी फुकट गेली म्हणून चिडली असती तर किती बरं झालं असतं.

"आई, मला रविवारी एकट्यानं जेवायचं नाही," तो एकदम बोलून गेला. "बाकीचे दिवस जेवतो. रविवारी नाही जेववत. म्हणून हे सगळं केलं."

लोरिसनं टोपी उचलली आणि उगाच डोक्यावर घातली.

"मग गाढवा, हे आधी सांगता येत नव्हतं?" देर्नाबाई म्हणाल्या. "स्टँड कसले आणतोस?" त्या वाकल्या आणि चांगल्या हातानं स्वतःच्या थाप्याचं टोक उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं. "पातळ लाटलीस. मी बसले तरी फाटली नाही. चला, सगळ्यांनी फाडा."

आपल्या घरची पोळी बिघडली म्हणून कुणी ती टाकून देत नाही. तिचे वेडेवाकडे तुकडे करायचे आणि शिजवायचे. चौघं पलंगाभोवती उभी राहून तुकडे करायला लागली. तिघांनी मुकाट्यानं आपापलाच थापा घेतला, आणि आईचा थापा एर्मेसनं धरून ठेवला. पाणी उकळतच होतं. रागू वर पडल्यावर कुणाचा तुकडा कुठला हे ओळखू येईना. लोरिसनं तिसऱ्यांदा घेतलं. एर्मेसनं पावाचा तुकडा आईच्या ताटात बुडवला आणि आईनं बुडवू दिला.

"जरा चिवट झालंय," शेवटी देर्नाबाई म्हणाल्या. "अंडी कुठली?"

"हंसिणीची."

"वाटलंच. पुढच्या रविवारी कोंबडीची घे. सकाळी लवकर येते मी, समोर बसून सांगेन."

पुढच्या रविवारी! एर्मेसनं मान खाली घातली, नाहीतर सगळ्यांदेखत रडला असता.

"आणि पीठ आजच्याएवढंच लागेल," देर्नाबाई पुढे म्हणाल्या. आता त्या ताटातला रागू उगाच पुसत होत्या. "विल्मा येणार आहे. सगळ्यांना घेऊन."

विल्मा म्हणजे त्यांची नणंद. तिच्या मुलाची दोन लग्नं झाली होती, आणि ती हे दर भेटीत सांगायची.

"आत्या? ती कशाला येतेय?"

"तू आत बसला होतास तेव्हा मी तिला फोन केला. म्हटलं, आमच्या एर्मेसनं बाई आणलीय. देखणी आहे, पण लाजते."

"आई, मग आता सांग तिला, नाहीये म्हणून."

"विल्माला?" देर्नाबाईंनी मुलाकडे अशा नजरेनं पाहिलं की तो विषय तिथंच संपला.

रविवार वाचला होता. आता आठवड्याभरात एर्मेसला कोंबडीची अंडी आणायची होती आणि एक देखणी, लाजरी बाई. त्यातलं अंड्यांचं जमेल, असं त्याला वाटत होतं.