प्रज्ञाताई वाट पाहून राहिल्या

प्रज्ञाताई वासनिक माणसाचा चेहरा नंतर बघतात. आधी त्याच्या कोपराच्या आतली शीर बघतात.

आमची पहिली भेट इमारतीच्या तळघरात झाली, कपडे धुण्याच्या मशीनपाशी. बाह्या वर करून मी ओले टॉवेल काढत होते. मागून आवाज आला, "काय सुंदर शीर आहे हो तुमची!"

जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या तळघरात मराठी ऐकू यावं हेच नवल, त्यात माझ्या शिरेचं कौतुक तोवर कुणीच केलेलं नव्हतं. मी चक्क लाजले.

"एका टोचण्यात काम," त्या म्हणाल्या. "आमच्या लॅबमध्ये आल्या असत्या नं, तर रांगेतून पुढे घेतलं असतं मी तुम्हाला."

नागपूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी बारा वर्षं लोकांचं रक्त काढलं. त्यांना नावं आठवत नाहीत, शिरा आठवतात. आमचे पोस्टमन म्हणजे "ते जाड निळ्या शिरेचे". वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी म्हणजे "त्या, ज्यांची शीर पळते". माझ्या नवऱ्याचा उल्लेख पहिले सहा महिने "सापडत नाही ते" असा होत असे. त्याचं नाव समीर.

त्यांचे यजमान मिलिंददादा इथल्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट. फार शांत माणूस. त्यांच्यासाठी प्रज्ञाताई लॅब सोडून इथे आल्या, त्याला सहा वर्षं झाली. मुलगी संघमित्रा, घरात मित्रा, चौदा वर्षांची. आईनं मराठीत विचारलेलं तिला सगळं कळतं आणि ती सगळ्याची उत्तरं जर्मनमध्ये देते.

एका रविवारी या बाई आमच्याकडे चहाला आल्या आणि कपात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाल्या, "केतकी, मी फिजिशियन असिस्टंट होऊन राहिली."

म्हणजे व्हायचं ठरवलं होतं. डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारा माणूस. रुग्णाची सगळी हकीकत विचारून घेणारा, डॉक्टर काय म्हणाले ते त्याला नीट समजावून सांगणारा. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. वय एक्केचाळीस.

"आत्ता का?" मी विचारलं.

"बारा वर्षं माझ्याकडे रक्त आलं गं. माणूस नाही आला," त्या म्हणाल्या. "नळीवर चिठ्ठी लावायची, मशीनमध्ये ठेवायची, रिपोर्ट पाठवायचा. त्या माणसाचं पुढे काय झालं, मला कधी कळलंच नाही."

मार्चमध्ये त्यांनी तीन कॉलेजांना अर्ज पाठवले. उत्तरं येणार होती उन्हाळ्यात.

आम्ही पुण्याची माणसं वाट बघतो. प्रज्ञाताई वाट "पाहून राहिल्या". त्यांच्या तोंडी हे ऐकलं की मला वाटायचं, या बाईंनी तिथे बिऱ्हाडच केलंय. चूल मांडली आहे, पडदे लावलेत. आणि त्या बिऱ्हाडात काम भरपूर होतं. अर्ज गेला असला तरी नवीन कागद जोडायला परवानगी होती, त्यामुळे अर्जाला बळकटी आणणं सुरू झालं. एक जाडजूड हिरवी फाईल आली. दिवसभरात जे काही घडेल ते दोन प्रकारचं असे : "हे फायलीत जाते" आणि "हे फायलीत नाही जात". प्रथमोपचाराचा कोर्स फायलीत गेला. दुसऱ्या संस्थेचा तोच कोर्स, तोही गेला. रक्तदान गेलं. मुक्याबहिऱ्यांच्या खुणांची भाषा गेली. त्या काळात त्या मिलिंददादांशी जेवताना खुणांनीच बोलत. दादा म्हणाले, "घरात शांतता आहे, चालू दे."

आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी प्रथमोपचाराचं टेबल मांडलं. अंगात झगझगीत पिवळं जाकीट, समोर पट्ट्या, कात्री, रक्तदाबाचं यंत्र. तीन तास कुणालाही काहीही झालं नाही. त्या जरा हिरमुसल्या. मग प्रमुख वक्ते घसा खाकरताना दिसले. प्रज्ञाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हकीकत विचारायला घेतली. केव्हापासून, थंड खाता का, घरात आणखी कुणाला, वडिलांना काय होतं, आजोबांना? भाषण वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. वक्ते व्यासपीठावर गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही कोपरांना कापूस चिकटवलेला होता. का, ते मी विचारलं नाही.

मुलाखतीची तालीम आम्ही र्‍हाईनच्या काठाने चालताना करायचो. मी प्राध्यापक. एप्रिलमध्ये नदीवर सकाळी धुकं असतं, पलीकडचं मानहाइम दिसत नाही, नुसते मालवाहू जहाजांचे आवाज येतात. मी जर्मनमध्ये विचारायची, "तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?" त्या उत्तर सुरू करायच्या आणि मध्येच थांबायच्या. धुक्याकडे बघत राहायच्या.

"काय झालं?"

"तिकडे मी दिसून राहिली मला. पांढरा कोट. खिशात चार पेन. कोणी तरी माझ्याशी बोलून राहिलं आणि मला घाईच नाही."

"आणि दोष?"

"हाच नं," त्या म्हणाल्या. "गेनाऊ. अगदी बरोबर."

अर्जात एकाच गोष्टीची उणीव होती, जर्मनीतल्या अनुभवाची. म्हणून एप्रिल-मे असे दोन महिने त्यांनी जवळच्या एका वृद्धाश्रमात प्राक्टिकुम केलं, म्हणजे बिनपगारी उमेदवारी. तिथल्या ज्या म्हाताऱ्या माणसांची स्मृती गेलेली होती त्यांना जेवू घालायचं, फिरवायचं, त्यांच्याजवळ बसायचं.

त्या आश्रमाच्या बागेत एक बसस्टॉप होता. खांब, त्यावर पिवळी-हिरवी पाटी, वेळापत्रक, बाक. तिथे बस येत नसे. येणारच नव्हती; रस्ताच नव्हता. ज्या आजी-आजोबांना "मला घरी जायचंय" असं एकदम वाटायला लागतं आणि जे दार उघडून निघून जातात, त्यांच्यासाठी तो केला होता. त्यांना बाकावर बसवायचं. दहा मिनिटांत कुठे जायचं होतं ते विसरतात, मग आत नेऊन कॉफी द्यायची.

प्रज्ञाताईंनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, "किती हुशारीची कल्पना!" त्या म्हणाल्या, "हो. हुशारीची आहे."

त्यांची तिथली लाडकी म्हणजे फ्राऊ हेल्ड, हेल्डबाई. शहाऐंशी वर्षांच्या, पूर्वी शिवणकाम करणाऱ्या बाई. रोज दुपारी तीनला कोट घालून, पर्स घेऊन बाकावर हजर. मुलं शाळेतून येतील, घरी पोचायला हवं. मुलं आता साठीची होती. फ्राऊ हेल्ड तिथली गावरान बोली बोलायच्या, जी प्रज्ञाताईंना अर्धी कळायची, आणि प्रज्ञाताई मध्येमध्ये वऱ्हाडीत बोलायच्या, जी फ्राऊ हेल्डना अजिबात कळायची नाही. दोघींचं छान चाललं होतं. घरी आल्यावर प्रज्ञाताई त्याच गावरान जर्मनमध्ये भाजी मागायच्या आणि मित्रा डोक्याला हात लावायची.

मे संपला आणि आश्रमानं अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं. त्याच दिवशी संध्याकाळी शेवयाची खीर झाली, आम्हाला बोलावणं आलं.

"अहो, वाचा नं मोठ्यानं," प्रज्ञाताईंनी दादांना सांगितलं.

दादांनी वाचलं. शेवटचं वाक्य होतं, श्रीमती वासनिक या 'श्टेट्स बेम्युट' होत्या. सदैव प्रयत्नशील होत्या.

"सदैव!" प्रज्ञाताई म्हणाल्या. "हे फायलीत पहिल्या पानावर जाते."

मी खिरीची वाटी खाली ठेवली. मी इथल्या ऑफिसात आठ वर्षं काढली आहेत. जर्मनीत प्रमाणपत्रात कुणाला वाईट म्हणत नाहीत, म्हणून वाईट म्हणायची एक गोड भाषा तयार झाली आहे. 'सदैव प्रयत्नशील होत्या' याचा अर्थ, धडपडल्या पण जमलं नाही. हे वाक्य वाचून कुणी नोकरी देत नाही. आणि तिसऱ्या कॉलेजानं हेच प्रमाणपत्र जूनअखेरपर्यंत मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तळघरात सांगितलं. त्या चादरीची घडी घालत होत्या. घडी पूर्ण केली, कडा जुळवल्या.

"म्हणजे मी नापास."

"चूक असेल. आपण जाऊन बदलून घेऊ."

आश्रमाच्या व्यवस्थापक फ्राऊ केसलर पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या, थकलेल्या बाई. मी तावातावानं बोलायला लागले. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग प्रज्ञाताईंकडे वळून विचारलं, "तुम्ही यांना बसचं सांगितलं नाहीत?"

प्रज्ञाताई खाली बघत होत्या.

ते मला फ्राऊ केसलर यांच्याकडून कळलं. एप्रिलमधल्या एका दुपारी प्रज्ञाताईंनी फ्राऊ हेल्डना बाकावरून उठवलं, फाटकातून बाहेर काढलं, दोन गल्ल्या चालवत खऱ्या बसस्टॉपवर नेलं आणि खऱ्या बसमध्ये बसवलं. दोघी शेवटच्या स्टॉपपर्यंत गेल्या आणि परत आल्या. दोन तास. तेवढ्यात आश्रमानं पोलिसांना कळवलं होतं, फ्राऊ हेल्ड यांच्या मुलीला कामावरून बोलावून घेतलं होतं.

"त्या दोन तासांत माझं काय झालं, ते मलाच माहीत," फ्राऊ केसलर म्हणाल्या. "मी त्या दिवशीच त्यांना घरी पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं, कारण फ्राऊ हेल्ड त्या रात्री पोटभर जेवल्या. पण चांगलं प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही. आणि खरं लिहिलं तर यांना कुठलंच कॉलेज घेणार नाही. म्हणून एवढंच लिहिलं."

प्रज्ञाताई उठल्या, हात पुढे केला. "बरोबर आहे तुमचं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "आभारी आहे."

परत येताना लिंडनची झाडं फुलली होती, रस्ताभर वास होता. एका झाडाखाली प्रज्ञाताई थांबल्या. मग म्हणाल्या, "मी इथं आली तेव्हापासून मला सगळे बाकावर बसवून राहिले, केतकी. डिग्रीचे कागद पाठवा, उत्तर येईल. भाषेची परीक्षा द्या, मग पाहू. बसा, येईल. मी बसली. कधी कधी आलंही. पण त्या बाईला मी रोज सांगत होती, येईल हं बस, आणि मला माहीत होतं की नाही येणार. एक दिवस नाही सांगता आलं."

ते प्रमाणपत्र त्यांनी जसंच्या तसं तिसऱ्या कॉलेजाला पाठवलं. मी नको म्हणत होते, दादा नको म्हणत होते, मित्रा तर तीन वेळा "नाइन, ममा", नाही म्हणजे नाही, म्हणाली. जुलैत पहिल्या कॉलेजाचा नकार आला. आठवड्याने दुसऱ्याचा. प्रज्ञाताईंनी दोन्ही फायलीत लावले. तिसऱ्यानं मुलाखतीला बोलावलं. आत तिघं बसले होते आणि त्यांचा पहिलाच प्रश्न त्या वाक्याबद्दल होता. माझ्या तालमीत तो नव्हता.

ऑगस्टच्या एका दुपारी त्यांनी मला नदीकाठी बोलावलं आणि हातात पत्र दिलं. प्रवेश मिळाला होता. ऑक्टोबरपासून वर्ग. मी ओरडलेच. दोन सायकलवाले वळून बघायला लागले. प्रज्ञाताई मात्र बाकावर बसून नदीकडे बघत होत्या. पाणी उन्हात हलत होतं, एक लांबलचक जहाज जवळपास उभं असल्यासारखं सरकत होतं.

"मुलाखतीत काय सांगितलंत?"

"बसचं सांगितलं. चूक झाली म्हणून सांगितलं. पुन्हा करीन तर आधी विचारून करीन, असं म्हटलं. त्यातली एक बाई हसली." जरा थांबून त्या म्हणाल्या, "सगळं नाही सांगितलं पण."

"काय राहिलं?"

"शेवटच्या स्टॉपला बस रिकामी झाली. बाजूला मुळ्याची शेतं होती, खूप वारा. मी म्हटलं, चला फ्राऊ हेल्ड, आता परत जाऊ. तर ती माझ्या तोंडाकडे पाहून राहिली. म्हणे, पोरी, तू उतर आता, तुझं घर आलं. मला पुढे जायचं आहे. तिला वाटून राहिलं होतं, ती मला सोडायला आली आहे."

मी बाकावर त्यांच्याजवळ बसले.

"माझा कोट उघडा होता. तिनं पर्स मांडीवर ठेवली आणि माझी बटणं लावायला घेतली. खालून वरपर्यंत, एकेक. वेळ लागला. ड्रायव्हर आरशात पाहत होता, पण थांबला बिचारा. सहा वर्षांत माझा कोट कोणी..." त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "गळ्याजवळचं बटण फार घट्ट आहे त्या कोटाचं. मी कधी लावत नाही. तिनं तेही लावलं."

जहाज पुलाखाली गेलं.

"घरी पोचेपर्यंत काढलं नाही मी ते," प्रज्ञाताई म्हणाल्या.