झेंडा धरा जरा

लवू परबाच्या कमरेत कळ उठली, तेव्हा त्याच्या बायकोला, अंबिकेला, वाटले उसण भरली. लालबागच्या डॉक्टरांनी मात्र मुतखडा सांगितला.

"दोन मूत्रपिंडं रात्रंदिवस रक्त गाळत असतात," ते म्हणाले. "गाळलेलं पाणी बारीक नळ्यांतून खाली येतं नि मूत्राशयात साठतं. तुमचा खडा त्या नळीत अडकलाय. भरपूर पाणी प्या, लघवीच्या जोरानं वाहून जाईल. आणि लागली की अडवून ठेवू नका."

अंबिका उपचारात कसूर करणारी नव्हती. रविवारी लवू संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघाला, तर दारात उभीच. "ह्यो एक तांब्यो घेवा, मगे जावा."

तो तांब्या पिऊन लवू परळच्या मैदानात पोचला. उंचापुरा गडी दिसताच चाळीतल्या राजारामने त्याच्या हाती मोठा झेंडा दिला आणि व्यासपीठाखाली उभे केले. "हलू नको हां! फोटोवाले येणारेत."

पहिले भाषण लवूने निभावले. दुसऱ्या वक्त्याने मुंबईचा इतिहास थेट सात बेटांपासून काढला. बेटांभोवतीचा समुद्र तर तो इतका रंगवून सांगू लागला की लवूच्या कपाळावर घाम आला.

"राजाराम, झेंडा धर जरा."

"आत्ता? झेंडा खाली आलेला बघून लोक काय म्हणतील?"

डॉक्टरांचे शब्द आठवून लवू झेंड्यासकट चालू लागला. पुढच्या रांगेतल्यांना वाटले, मोर्चा निघाला. ते उठले. त्यांना पाहून मागचे उठले. वक्ता कुलाब्यापर्यंत पोचला, तोवर निम्मे मैदान लवूच्या मागे गर्जत होते, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

नाक्यावरच्या मुतारीपाशी तो थबकला. झेंडाही थबकला, मोर्चाही थबकला. एवढा समुदाय टक लावून पाहत असताना आत शिरायचे कसे? लवू दातओठ खात पुढे निघाला. समोर पोलीस चौकी आली, तेव्हा त्याने मागचापुढचा विचार सोडला आणि तिकडे वळला.

"चौकीवर धडक!" मागून राजाराम ओरडला.

चौकीत एकटाच हवालदार होता. बाकीचे सगळे मैदानावर बंदोबस्ताला. त्याने दारात काठी आडवी धरली. "थांबा! मागणी काय तुमची?"

लवू त्याच्या कानाशी वाकला. "लघवीक जावचा आसा."

हवालदाराने त्याचा चेहरा नीट न्याहाळला. "खंयचे तुम्ही?"

"कणकवलीचो. सायबानु, उशीर करू नका!"

काठी बाजूला झाली. लवूने झेंडा त्याच्या हातात कोंबला आणि आत धूम ठोकली.

बाहेर लोकांनी पाहिले, खाकी वर्दीतला माणूस झेंडा धरून उभा! मग असा जल्लोष उठला की गच्च्यांवर माणसे गोळा झाली. कुणीतरी हवालदाराच्या गळ्यात हारच घातला. झेंडा टाकावा तर दंगल, धरावा तर नोकरी गेली. बिचारा सावधान पवित्र्यात ताठ उभा राहिला.

आत लवूला सुटका म्हणजे काय ते कळत होते. बराच वेळ कळत होते.

तो बाहेर आला तेव्हा वरमला होता. "माफ करा हवालदारसाहेब, माझ्यापायी तुमच्यावर बालंट. द्या इकडे."

हवालदाराने झेंडा दिला खरा, पण झेंड्याच्या काठीवरची त्याची मूठ सैल व्हायला जरा वेळच लागला. मग समोर पाहत, ओठ न हलवता तो पुटपुटला, "सावकाश येवचा होता. माका काय घाई नव्हती."