कालिंदी बिरादारचा वजनकाटा

“पायलटबाईला माणूस अन् सोयाबीनचं पोतं ह्यातला फरक कळत न्हाई. सख्ख्या चुलतीला काट्यावर चढवली, आकडा जड निघाला, म्हणून गाडीतून उतरवून दिली. म्हातारीचा नवस ऱ्हायला.”

हे बयान लातूरच्या आडत बाजारातील शिवराजअप्पांचे. गेले सहा महिने ते लग्नात, बारशात, तेराव्याला आणि दोनदा तर माझ्यादेखत हे सांगत आले आहेत, आणि ऐकणारे हसत आले आहेत. हे घडले त्या दिवशी मी तिथे हजर होतो. देवणीच्या शाळेत मी छत्तीस वर्षे गणित शिकवले. जिच्यावर ही तोहमत आहे ती कालिंदी बिरादार तेव्हा माझी विद्यार्थिनी होती आणि आता लातुरात माझी शेजारीण आहे. अप्पांच्या तीन वाक्यांपैकी फक्त शेवटचे खरे आहे. उरलेल्या दोहोंचा समाचार घेणे माझ्यावाचून कुणाला जमणार नाही, म्हणून लिहितो.

जे कबूल करायचे ते आधीच करून टाकतो. कालिंदी माणसांना वजन विचारते. नमस्कार झाला की तिचा पहिला प्रश्न “किती भरता?” समोरच्याने “असेल साठ-पासष्ट” म्हटले की ती म्हणते, “अंदाज नको, आकडा सांगा.” पुष्कळदा तर विचारतही नाही, एकदा वरून खाली पाहते आणि स्वतःच सांगते. सेवानिवृत्त होऊन ती शेजारी राहायला आली, त्या दिवशी मी स्वागताला गेलो. पाया पडून उठता उठता म्हणाली, “सर, चौसष्ट.”

“बासष्ट,” मी म्हणालो. गणिताच्या शिक्षकाला कुणी आकडा शिकवावा हे मला सहन होत नाही.

“छत्री धरून, सर. अन् खिशातले पेरू.”

मी तडक कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो आणि छत्री-पेरूंसकट काट्यावर उभा राहिलो. चौसष्ट. पेरू मी तिच्यासाठीच नेले होते. रागाच्या भरात द्यायचे राहून गेले होते.

आमच्या गल्लीत नवी चार मजली इमारत झाली, तिच्या लिफ्टमध्ये “आठ माणसे” अशी पाटी आहे. कालिंदीने ती वाचली आणि रखवालदाराला विचारले, “कोणती आठ?” तो अजून विचार करतो आहे. रिक्षात ती कुणालाही आपल्या मर्जीने बसू देत नाही. “वहिनी, तुम्ही मधी. काका, तुम्ही डावीकडं सरका. पिशवी मांडीवर न्हाई, पायापाशी.” रिक्षावाले तिला वचकून असतात आणि मोहल्ल्यातील बायका तिला पाहिले की पदर आवळून श्वास आत घेतात. तिच्यापुढे त्याचा उपयोग होत नाही.

हा नाद तिला कुठून लागला हे अप्पा सांगत नाहीत, कारण ते सांगितले तर गोष्टीतली गंमत जाते. हवाई दलात मुलींना हेलिकॉप्टर चालवू देऊ लागले, त्या सुरुवातीच्या मोजक्या मुलींत ही देवणीची मुलगी होती. आई लहानपणीच गेलेली. चुलतीने, भागीरथीकाकूंनी, तिला वाढवले. हिमालयात लढाई पेटली तेव्हा ही वरच्या ठाण्यांवर दाणापाणी पोहोचवी आणि उतरताना जखमींना घेऊन येई. तिथली हवा इतकी विरळ की यंत्राला स्वतःचाच भार पेलवत नाही. आपल्याकडे जीपमध्ये चौदावा माणूस “जरा सरका” म्हणून बसतो. तिथे सरकायला जागा असते, पण उचलायला हवा नसते. हे वाक्य तिचे आहे. मी वर्गात शिकवलेल्या कुठल्याही सूत्रापेक्षा ते चांगले आहे, हेही कबूल करतो.

आता आडत बाजारातला तो दिवस.

भागीरथीकाकूंचा माहूरच्या रेणुकेला नवस होता. त्यांचा मुलगा व्यंकट जीप चालवतो. त्या जीपमध्ये देवणीहून आलेले सगे आणि लातुरात चढलेले कालिंदी व मी, असे चौदाजण झालो. गाडी नवांची. दोघे मागच्या फळीवर उभे होते. कालिंदीने व्यंकटला गाडीचे कागद मागितले, त्यांवरचा भार वाचला आणि गाडी सरळ अप्पांच्या आडतीसमोर घ्यायला लावली.

“ताई, देवीला जाऊन राहिलो आपण, सोयाबीन विकायला न्हाई,” व्यंकट म्हणाला.

“घाट हाय पुढं. आकडा काढू अन् निघू.”

येथे अप्पांच्या बयानातील पहिली लबाडी. कालिंदीने सर्वांत आधी अप्पांना एकच गोष्ट बजावली होती: “आकडा तोंडानं सांगू नका. कागदावर लिहून मला द्या.” हे मी या कानांनी ऐकले. अप्पा म्हणाले, “हाव, हाव.” आणि काट्याशी बसले.

परंतु चाळीस वर्षांची सवय. आडतीत काट्यावर पोते चढले की आकडा ओरडायचा आणि रिकाम्या बारदानाचे एक किलो वजा करून पुन्हा ओरडायचा, म्हणजे दूरच्या मुनिमाला लिहिता येते. पहिले तिघे-चौघे अप्पांनी कागदावर निमूट लिहिले. मग काकू काट्यावर चढल्या. नवे इरकल नेसलेल्या, हातात ओटीचे ताट. अप्पांनी काट्याकडे पाहिले आणि भर बाजारात आवाज दिला, “एक्क्याऐंशी! बारदान एक वजा, ऐंशी!”

मुनिमाने ते लिहूनही घेतले.

हमाल हसले. समोरच्या दुकानातले हसले. आमच्याच जीपमधले हसले. सत्यासाठी हे लिहितो आहे, म्हणून सांगतो: मीही हसलो.

अप्पांची दुसरी लबाडी अशी की कालिंदीने काकूंना उतरवले. त्यापूर्वीच कालिंदीने आपली पिशवी गाडीतून काढून घेतली होती. तिचे वाक्य होते, “पहिली मी उतरते. अजून चारजण उतरा. आपण पाचजण यष्टीनं येऊ.” उतरायच्या यादीत काकू नव्हत्याच. नवस त्यांचा, त्यांची जागा पुढे, चालकाशेजारी, तिने आधीच ठरवलेली होती. पण काकू काट्यावरून उतरल्या, ताट व्यंकटच्या हाती दिले आणि शांतपणे म्हणाल्या, “मला घरी सोड.” कालिंदी आडवी गेली. तिच्याकडे न पाहता काकू म्हणाल्या, “तुला न्हाऊ घातलं तवा म्या कधी तोललं न्हाई, बाई.”

त्या दिवसापासून काकूंनी तिच्याशी बोलणे टाकले.

कालिंदीला काकूंवाचून कुणी नाही. लग्न तिने केले नाही. बरोबरीचे अधिकारी देशभर पांगलेले. दर रविवारी सकाळी नवाच्या ठोक्याला ती देवणीला फोन लावते. व्यंकट उचलतो आणि अवघडून सांगतो की आई देवळात गेली, आई शेजारी गेली. ही विचारते: खोकला आहे का, गोळ्या घेते का, भाकरी एक खाते की दीड. शेवटी जरा थांबून विचारते, “वजन किती भरलं?” व्यंकट अंदाजाने काहीतरी सांगतो. आणि जन्मात प्रथमच ही बाई अंदाज मान्य करते. ओसरीवर वर्तमानपत्र धरून मी हे दर रविवारी ऐकतो. ऐकू यावे म्हणून कठड्याजवळ बसतो, असे कुणी म्हणेल, तर म्हणो.

मागच्या महिन्यात मी तिला स्पष्ट विचारले, “कालिंदी, लढाई संपून जमाना झाला. आता माणसाला तोलतेस कशाला?”

तिने आतून आपली उड्डाणांची वही आणली. वैमानिकाची प्रत्येक फेरी तीत लिहिलेली असते: कुठून, कुठे, किती प्रवासी, किती सामान. तिने एक पान काढून माझ्यापुढे धरले आणि सांगू लागली.

त्या दिवशी वरच्या ठाण्यावर तिघे जखमी होते. यंत्र दोघांनाच उचलू शकत होते. तिने दारे काढून ठेवली होती, इंधन कमी घेतले होते, तरी दोघेच. तिसरा बोलत होता, हसत होता, म्हणून तो मागे राहिला. पोरगा एकोणसाठ किलोचा. हा आकडा त्यानेच तिला सांगितला होता, आणि म्हणाला होता, “मॅडम, मी तर काहीच नाही.”

“मी त्याला म्हटलं, पुढच्या फेरीत,” कालिंदी म्हणाली. “अन् पुढच्या फेरीला ढग उतरले. अर्ध्यातून मागं फिरले मी, सर. सकाळी गेले, तोवर तो गेला होता.”

“तिघांना घेतले असते तर?”

“खाली दगडच होते. सगळेच गेलो असतो.” मग म्हणाली, “व्यंकटच्या जीपमधून मी उतरले न्हाई का? सोपं होतं ते. तिथं मला उतरता येत नव्हतं. चालवणारी मीच होते.”

दुसऱ्या दिवशी मी देवणीची यष्टी धरली. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि मी कुणाचे भांडण मिटवायला सहसा जात नाही. लावून द्यायला जातो. काकू अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि अप्पांच्या बयानातले पहिले वाक्यच ऐकवले: तिला माणूस अन् पोतं सारखंच. मी आडतीतली सगळी हकीकत क्रमाने मांडली, माझ्या हसण्यासह. त्यांचे सूप चालूच राहिले. मग मी वरच्या ठाण्यावरची हकीकत सांगितली. सूप थांबले.

“त्या लेकराला तिथंच ठिवलं का मग?” त्यांनी विचारले.

“नाही. सकाळी घेऊन आली.”

“मेल्यालं माणूस. ते बी तोलूनच आणलं असंल तिनं.” आवाजात राग होता; पण त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते, आणि कुठले उत्तर त्यांना हवे आहे ते मला दिसत होते. सुदैवाने मला ते उत्तर रचायचे नव्हते. ते मी वहीत वाचले होते, आणि जसे होते तसे त्यांना सांगितले. तेच येथे शिवराजअप्पांसाठी आणि त्यांना हसणाऱ्या प्रत्येकासाठी लिहितो, मग मला काही म्हणायचे नाही.

प्राण गेलेला देह नोंदीत सामान म्हणून धरावा, अशी तिथली रीत होती, आणि नोंदी लिहिणाऱ्या कारकुनाने त्या सकाळी रीतीप्रमाणे सामानाच्या रकान्यात एकोणसाठ किलो लिहिले होते. कालिंदीने तो आकडा खोडला, खाली आपली सही केली, आणि शेजारच्या प्रवाशांच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले: एक.