पाच वाजताचा दिवा

हलिमाबींना फोनची घंटा ऐकू येईनाशी झाली, तेव्हा याकूबभाईंनी स्वयंपाकघरात लाल दिवा बसवला. जन्मभर भोरमध्ये रेडिओ दुरुस्त केलेले. चिपचं काम मात्र पुस्तकातून, भीतभीत शिकलेले.

"फोनच्या तारेतला व्होल्ट ठरल्या रेषेवर चढला, की चिप 'व्हय' म्हणणार, दिवा लागणार. खाली ऱ्हायला तर 'न्हाई'. अधलंमधलं तिला कळत न्हाई."

"तुमच्यापरास बरी हाय," हलिमाबी म्हणाल्या.

ही रेषा एका स्क्रूने वरखाली व्हायची. दुबईतल्या मुलाचा, इरशादचा, शुक्रवारचा फोन हुकू नये, म्हणून याकूबभाईंनी ती जरा खालीच ठेवली.

दिवा रोज पाचला लागू लागला. तेव्हा याकूबभाई मशिदीत असत. परतले की हलिमाबी खुशीत सांगत, "आज बी इरशादशी बोलले. शेळी व्याली, ते बी सांगितलं."

"तो काय म्हणाला?"

"ऐकत ऱ्हातो बिचारा. तिकडं वारा लई. नुसतं गूंऽऽ वाजतं."

याकूबभाईंना शंका आली. पण नेहमीप्रमाणे त्यांना ती स्वतःचीच चूक वाटली.

एका गुरुवारी शेजारचा गिरणीवाला गेनू आला. "चाचा, इरशादचा माज्याकडं फोन आला. तीन शुक्रवार पाचला तुमचा फोन एंगेज. घाबरलाय पोरगा. उद्या परत लावतो म्हणाला."

शुक्रवारी याकूबभाई घरीच थांबले. पाचला वीज आली, गेनूची गिरणी धडधडली आणि दिवा लागला. हलिमाबी पिठाच्या हातांनी रिसीव्हर धरून बोलू लागल्या. याकूबभाईंनी कान लावला. नुसता डायल टोन. गिरणीच्या धक्क्यानेच तारेतला व्होल्ट रेषेवर चढत होता.

"लाइन खराब हाय," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि स्क्रू वर फिरवला.

पाच मिनिटांनी दिवा पुन्हा लागला.

"अम्मी! कुठं हुता तुमी? मी किती..."

"थांब रं, मला बोलू दे. रोज कसा गुमान ऐकतोस, आज लई मधे मधे बोलतोस."

तेवढ्यात त्याचं फोनचं कार्ड संपलं.

"माजं निम्मं ऱ्हायलं," हलिमाबी पुटपुटल्या.

शनिवारी पाचला गिरणी धडधडली. दिवा लागला नाही. हलिमाबी परात पुढ्यात घेऊन त्याच्याकडे बघत बसल्या. मशिदीला निघालेले याकूबभाई दारातून मागे फिरले. त्यांनी स्क्रू अर्धा आटा खाली आणला.

"हं, इरशाद," आतून आवाज आला, "काल काय सांगत हुते..."

याकूबभाईंनी कॅलेंडर काढलं आणि प्रत्येक शुक्रवारखाली बारीक अक्षरात लिहिलं : स्क्रू वर.